वाचता येत नाही म्हणजे डोकं नाही, हे कुणी ठरवलं?

"डोकं हाय, पण अभ्यासात घालत न्हाई." वाचनात मागं पडलेल्या पोराबद्दल हे वाक्य कोल्हापुरात इतकं ऐकते, की आता चीड येते.

माझ्याकडे शिकायला येणाऱ्या चौथीतल्या मुलाला परवा एक ओळ वाचायला दिली : 'पावसाळ्यात नदीला पूर येतो.' बोट ठेवून, पा... व... सा... करत तो शेवटपर्यंत गेला. पूर कधी येतो विचारलं, तर गप्प. मग तीच ओळ मी वाचून दाखवली. लगेच राजाराम बंधारा कधी पाण्याखाली जातो, कुठला रस्ता बंद होतो, सगळं घडाघडा सांगितलं. यात आळस कुठं आला?

डोकं असूनही वाचन-लेखन जड जाणं, याला डिसलेक्सिया म्हणतात. त्यात मूळ अडचण बहुतेक वेळा आवाजांची असते : शब्द आवाजांत फोडणं आणि आवाजाची अक्षराशी जोडी लावणं. त्यात अनेक मुलांची कार्यकारी स्मृतीही कमी पडते, म्हणजे एखादी गोष्ट मनात धरून ठेवून त्याच वेळी दुसरं काम करणं जड जातं. सगळी ताकद अक्षरं जुळवण्यात संपते. 'येतो' येईपर्यंत 'पावसाळ्यात' निसटलेलं असतं. काहींना रंग, वस्तू नीट ओळखता येतात, पण नाव ओठांवर यायला वेळ लागतो. वर्गात लोक याला 'उत्तर आलं नाही' म्हणतात.

मराठी तर जशी लिहिली तशीच वाचायची, त्यात अवघड काय, असंही ऐकवतात. पण 'कि'मध्ये वेलांटी आधी दिसते आणि तिचा उच्चार नंतर होतो. वर जोडाक्षरं आहेतच. आणि जशी लिहिली तशी वाचायच्या लिपीत चुका कमी होतात, पण वेग वाढत नाही, म्हणून मूल फक्त 'हळू' वाटतं आणि वर्षं निघून जातात.

यावर आपले उपाय काय? दहा वेळा लिहून काढ, आणि फुटबॉल बंद. जिथं त्याला चारचौघांत मान मिळतो, तेवढंच काढून घ्यायचं! मला हे क्रूर वाटतं.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमता आहे, डिसलेक्सिया त्यातच येतो; बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळही मिळतो. पण त्यासाठी लागणाऱ्या प्रमाणपत्राची धावपळ होते दहावीच्या तोंडावर. शाहू महाराजांनी १९१७ साली जिथं प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, तिथं चौथीतच पोराला 'ढ' ठरवून मोकळं होणं आपल्याला शोभत नाही.

शिक्षकांनो, येत्या घटक चाचणीत परिसर अभ्यासाचे प्रश्न अशा मुलांना वाचून दाखवा, उत्तरं तोंडी घ्या. वाचनाची मेहनत मराठीच्या तासाला जरूर करून घ्या, रोज थोडी, आवाज आणि अक्षर दोन्ही पक्की होईपर्यंत.