विभाग २३ कसा भरावा

व्हर्जिनियात संरक्षण खात्याच्या कंत्राटदाराकडे नोकरी लागत आलेल्या माझ्या अमेरिकन मराठी मित्रांनो, अभिनंदन. आता राहिला फक्त सिक्युरिटी क्लिअरन्स, म्हणजे सरकारची गोपनीय माहिती हाताळायची परवानगी, आणि त्यासाठीचा एसएफ-८६ हा शंभराहून जास्त पानांचा फॉर्म. जुन्या घरांचे पत्ते झाले, ठाण्याचे सासू-सासरे झाले, की विभाग २३ येतो: गेल्या ७ वर्षांत बेकायदा अमली पदार्थ घेतलेत का?

बिनदिक्कत 'नाही' लिहा.

कॉलेजातल्या त्या दोन-चार झुरक्यांचं काय, असं विचारताय? अहो, खरं लिहिलंत तर सगळी मजाच जाते. क्लिअरन्स कुणाला द्यायचा हे ठरवणाऱ्या, २०१७ पासून लागू असलेल्या नियमावलीत अमली पदार्थांसाठी 'एच' कलम आहे आणि ते भलतंच समंजस आहे. फार पूर्वी घेतले, क्वचित घेतले, ती संगत सोडली, 'पुन्हा घेतले तर क्लिअरन्स काढून घ्या' असं सही करून दिलं, की प्रकरण मिटण्याची चांगलीच शक्यता. डिसेंबर २०२१ मध्ये तेव्हाच्या गुप्तचर प्रमुख एव्हरिल हेन्स यांनीही कळवलं, की जुना गांजा विचारात घ्या, पण तेवढ्यावरूनच निकाल लावू नका. वर फॉर्ममध्येच छापलंय, की इथलं खरं उत्तर फौजदारी खटल्यात तुमच्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरणार नाही. इतकी सोय करून ठेवल्यावर खरं बोलण्यात शौर्य ते काय उरलं?

खोटं लिहा, म्हणजे 'एच'च्या जोडीला 'ई' कलम मागे लागेल. ते वर्तणुकीचं. झुरके जुने होतात हो, खोटं मात्र सही केल्या दिवसाचं ताजं असतं. शिवाय सरकारला जाणूनबुजून खोटी माहिती दिल्याबद्दल ५ वर्षांपर्यंत कैद. कॉलेजातल्या गांजानं जे साधलं नसतं, ते एका क्लिकनं.

पकडणार कोण, म्हणता? कुणीच नाही. तपासनीस फक्त शेजाऱ्यांना भेटतो, जुन्या सहकाऱ्यांना भेटतो, घटस्फोट झाला असेल तर त्या माणसालाही भेटू शकतो. आणि ज्याच्या डिपॉझिटचे पैसे तुम्ही बुडवलेत, तो रूममेट तर तुमचं गुपित पोटातच ठेवील. नोकरी सीआयए किंवा एनएसए या गुप्तचर संस्थांमधली असेल तर पॉलिग्राफ, म्हणजे खोटं पकडायचं यंत्र असतं. त्या खुर्चीत भल्याभल्यांची स्मरणशक्ती सुधारते.

शब्दांशी खेळायचं असेल तर बिल क्लिंटन यांचा धडा गिरवा: ओढला, पण धूर आत घेतला नाही. १९९२ साली असं म्हणूनही ते निवडून आले. (राष्ट्राध्यक्षाला क्लिअरन्स लागत नाही, हा किरकोळ फरक.) फॉर्मनं मात्र टोचणं, हुंगणं, ओढणं, गिळणं यांच्या रांगेत 'करून पाहणं'ही बसवलंय. गिळण्यात होळीच्या पार्टीतली भांगही आली, महादेवाचा प्रसाद म्हणून प्यायलात तरी.

अर्ज चालू असताना कोलोरॅडोला जरूर जा. तिथं २०१२ च्या मतदानानं गांजा कायदेशीर झालाय, दुकानदार पावतीसुद्धा देतो. राज्य काहीही म्हणो, आम्ही केंद्राचा कायदा धरतो, असं फॉर्ममध्ये स्पष्ट लिहिलंय; पण इतकं बारीक वाचतो कोण? गांजा विकणाऱ्या कंपनीचे शेअरही घेऊन टाका, हेन्सबाईंच्या पत्रात त्यांचीही आठवण काढलीय. आणि क्लिअरन्स हातात पडल्यावर सुरू केलंत तर फारच उत्तम. त्या काळातल्या सेवनाला ७ वर्षांची अट नाही, 'कधीही' असं विचारतात.

एवढं करून नाकारलाच, तर संरक्षण खात्याच्या सुनावणी कार्यालयात न्यायाधीशांपुढे दाद मागा. तिथले निकाल इंटरनेटवर येतात. तुमचं नाव नसतं, नुसतं 'अर्जदार'. पण किती वेळा ओढला, कुणाबरोबर ओढला आणि फॉर्मवर 'नाही' का लिहिलं याचा तुम्ही केलेला खुलासा, सगळं तपशिलात राहतं आणि पुढच्या अर्जदारांचे वकील ते दाखल्यासाठी वाचतात. तेव्हा खुलासा जरा नवा शोधून ठेवा. 'घाईत चुकीच्या चौकोनावर क्लिक झालं' हा फार जणांनी वापरलाय.