शिट्ट्यांचा हिशेब

‘वरणाला किती शिट्ट्या?’ या प्रश्नाला महाराष्ट्रात घरटी एक उत्तर आहे आणि प्रत्येक घराला बाकीची सगळी चुकीची वाटतात. कोणी तीनवाले, कोणी चारवाले. मी ‘पहिली झाली की गॅस बारीक कर’ या अल्पसंख्य पंथाचा. त्यामुळे स्वयंपाकघरात माझ्या शब्दाला किंमत नाही.

खरं तर शिट्टी हे मापच नव्हे. आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलोने वाढला की वजन उचललं जातं आणि जादा वाफ सुटते. तेव्हा आत १२० अंशांच्या आसपास तापमान असतं. गॅस मोठा ठेवला तर शिट्ट्यांची आतषबाजी होते, डाळ मात्र कच्ची. बारीक ठेवला तर दहा मिनिटांत एखादीच होते आणि डाळ मऊ. म्हणून पहिल्या शिट्टीनंतर गॅस बारीक करायचा आणि आठ-दहा मिनिटं घड्याळाकडे बघायचं. हे सगळं नीट समजावलं की समोरून शांतपणे विचारलं जातं, ‘ते कळलं. पण शिट्ट्या किती?’

आणि मोजायच्या तरी कशा? मिक्सर फिरतोय, टीव्ही लागलाय आणि भिंतीपलीकडे शेजाऱ्यांचाही कुकर लागलाय. ‘आत्ताची आपली की त्यांची?’ यावर मतदानच घ्यावं लागतं.

त्यात एखाद्या दिवशी शिट्टीऐवजी पिवळा फवारा येतो आणि ओट्यामागच्या टाइल्स हळदीच्या होतात. डाळ फेसाळते आणि फेस वाफेच्या नळीत चढतो, त्याचा हा प्रताप. डाळ थेट कुकरमध्ये लावली तर पाण्यासकट तो अर्ध्यावर भरू नये, चमचाभर तेल घालावं. चिंच-आमसूल मात्र शिजल्यावर. आंबटात डाळ मऊ व्हायला तयार नसते. झाकण लावण्याआधी नळीतून उजेडाकडे बघायचं. आरपार दिसलं नाही तर सुई घाला.

कडेने वाफ फुसफुसते आणि शिट्टी होतच नाही, तेव्हा रिंग गेलेली असते. ती फ्रीझरमध्ये ठेवून आणखी आठवडाभर ढकलायची, हा आपला राष्ट्रीय उपाय. नवीच आणा. तळाला पाणी घालायला विसरलात तर सेफ्टी व्हॉल्व्हमधला मिश्रधातू वितळतो आणि वाफ सुटते. म्हणजे कुकर बिघडला नाही, त्याने इमानदारी केली. १६७९ साली डेनिस पापँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने कुकरचा पूर्वज असलेलं, हाडं मऊ करणारं भांडं लंडनच्या रॉयल सोसायटीला दाखवलं, त्यालाही सेफ्टी व्हॉल्व्ह होता. शिट्ट्या कोणी मोजल्याची नोंद नाही.

या कटकटीवर उतारा म्हणून विजेचा मल्टिकुकर येतो. तो शिट्टीच देत नाही, त्यामुळे घरातली माणसं त्याच्यासमोर अस्वस्थ उभी राहतात. ‘१०’ लावलं म्हणजे दहा मिनिटांत जेवण, हा दुसरा गैरसमज. आकडा उलटा मोजायला लागतो तो दाब भरल्यावर; त्याआधीची दहा-पंधरा मिनिटं आणि नंतर कुकर आपणहून पडायची तेवढीच, ही हिशेबात नसतात. झाकणावरची खिटी बंदकडे नसेल तर दाब भरतच नाही, नुसती वाफ जाते. आतल्या भांड्याचा तळ कोरडा पुसूनच ठेवायचा.

त्याची सिलिकॉनची रिंग वास धरून ठेवते. काल मटण झालं असेल तर आजच्या खिरीला गरम मसाल्याचा सुगंध फुकट. म्हणून दोन रंगांच्या दोन रिंगा घ्या, एक गोडाची, एक तिखटाची, आणि कोणती कशाची ते झाकणावर चिठ्ठी चिकटवून लिहा. नाहीतर पाहुणे येतील त्या दिवशी गोडाचीच रिंग मटणावर चढलेली असेल.