हृदयावरण ‘दिसत’ नाही, तर इको कशाला? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. हृदयावरण (हृदयाभोवतीची पातळ पिशवी) जन्मजात नसण्यावरच्या आणि ते इकोवर, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीवर, ओळखण्यावरच्या माझ्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत, “चकाकती रेघ या रुग्णांतही दिसते. मग इकोवर निदान होतं म्हणणं ही दिशाभूल आहे. सरळ एमआरआय करावा.”

इकोवर हृदयाच्या कडेला दिसणाऱ्या आणि हृदयावरण समजल्या जाणाऱ्या त्या रेघेबद्दल तुमचं म्हणणं बरोबर आहे, ते लेखात यायलाच हवं होतं. निरोगी हृदयावरण जेमतेम १ ते २ मिलिमीटर जाड. त्या चकाकीतला मोठा वाटा हृदय आणि हवेनं भरलेलं फुप्फुस यांच्या सीमेवरून परतलेल्या ध्वनिलहरींचा. आवरण नसलं तरी ती सीमा असतेच. त्यामुळे रेघ दिसली म्हणून आवरण आहे, असं मुळीच म्हणता येत नाही.

पण एमआरआय सांगायला आधी शंका यावी लागते, आणि ती बहुधा इकोच्या टेबलावरच येते. डावीकडचं आवरण पूर्ण नसणं हा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार. त्यात हृदय डावीकडे सरकतं आणि मागच्या अंगाला वळतं. पॅरास्टर्नल दृश्यात (छातीच्या मधल्या हाडाशेजारून) उजवा वेंट्रिकल (हृदयाचा खालचा कप्पा) मोठा दिसतो, दोन वेंट्रिकलमधला पडदा उलटा हलतो, आणि रिपोर्टात ‘उजव्या बाजूवर भार, एएसडी?’ (एएसडी म्हणजे वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्यातलं छिद्र) असं उमटतं. इथेच थांबायचं नाही. आकुंचनात पडदा नीट जाड होतोय का, ते पाहा. होत असेल तर पडदा निकामी नाही, अख्खं हृदयच पुढे झेपावतंय. अशा हृदयात एम-मोडवरून (एकाच रेषेवरच्या मापावरून) ईएफ, म्हणजे दर ठोक्याला वेंट्रिकलमधून बाहेर पडणाऱ्या रक्ताचं प्रमाण, काढू नका, बायप्लेन सिम्प्सन (दोन दृश्यांवरून आकारमान मोजण्याची पद्धत) वापरा. उजव्या वेंट्रिकलचं मापही एपायकल खिडकीतून (हृदयाच्या टोकाकडून) घ्या. एएसडी मात्र कसून शोधाच, कारण सुमारे एक तृतीयांश रुग्णांत एएसडी, पीडीए (महाधमनी आणि फुप्फुसधमनी यांना जोडणारी, जन्मानंतर उघडी राहिलेली नळी) किंवा दोन पाकळ्यांची महाधमनी झडप असे इतर दोषही असतात.

दुसरी खूण हाताला कळते. एपायकल खिडकी नेहमीच्या जागी मिळत नाही, प्रोब (छातीवर टेकवायचं इकोचं उपकरण) काखेकडे न्यावा लागतो. तिथून वेंट्रिकल फुगीर, एट्रिया (वरचे कप्पे) लांबट, एकूण आकार थेंबासारखा. मग प्रोब तसाच ठेवून रुग्णाला डाव्या कुशीवरून उताणं आणि नंतर उजव्या कुशीवर वळवा, प्रत्येक वेळी क्लिप साठवा. आवरणाचा धरबंध नसलेलं हृदय कुशीबरोबर ठळकपणे सरकतं आणि ठोक्यागणिक झोके घेतं. या दोन मिनिटांच्या कामाला बरेचदा फाटा दिला जातो, हे खरंच खटकतं. छातीचा खड्डा किंवा डाव्या बाजूचा न्यूमोथोरॅक्सही (फुप्फुसाबाहेर छातीत साठलेली हवा) हृदयाची जागा बदलतो, तेव्हा क्ष-किरण फिल्म शेजारी ठेवूनच मत द्या.

आवरणाच्या अर्धवट अभावाबाबत मी तुमच्याशी सहमत आहे. तिथे हृदय जागेवरच असू शकतं, इको अगदी साधा वाटू शकतो, आणि धोका मात्र तिथेच जास्त: फटीतून डाव्या एट्रियमचं अपेंडेज (त्याला जोडलेली छोटी पिशवी) किंवा वेंट्रिकलचा भाग बाहेर येऊन आवळला जातो, कधी कोरोनरीही (हृदयाला रक्त पुरवणारी धमनी) दाबली जाते. छातीत दुखतंय आणि अपेंडेज फुगलेलं किंवा वेंट्रिकलच्या भिंतीला करकोचा दिसतोय, तर इको पुन्हा पुन्हा करण्यात वेळ घालवू नका. एमआरआय किंवा ईसीजी-गेटेड सीटी (हृदयाच्या ठोक्यांशी जुळवून घेतलेला सीटी स्कॅन) मागवा. मात्र डाव्या वेंट्रिकलच्या बाहेरच्या कडेला चरबी कमी असल्यानं निरोगी माणसातही आवरण एमआरआयवर नीट उमटत नाही. म्हणून चिठ्ठीवर नुसतं ‘हृदयावरण पाहा’ लिहू नका. महाधमनी आणि फुप्फुसधमनी यांच्यामध्ये फुप्फुसाची जीभ शिरली आहे का, हा प्रश्न स्पष्ट लिहा.