निळूभाऊंचा खालचा आवाज

यंदाही आमच्या निपाणीत गणपतीसमोरच्या कार्यक्रमात नकलाकार आला आणि त्याने निळू फुले यांची नक्कल केली. वाकडी मान, घोगरा आवाज आणि बाईला वाड्यावर बोलावणारे तेच एक वाक्य. कॉलेजातली मुले पोट धरून हसली. मला मात्र मनापासून वाईट वाटले, कारण एवढ्या मोठ्या नटाची ओळख या मुलांपुढे तेवढ्या एका वाक्यापुरती उरली आहे.

नकलाकार आवाज चढवतो. निळूभाऊ तो खाली आणत. 'सामना'मधला हिंदुराव धोंडे पाटील आठवा. तेंडुलकरांची पटकथा, जब्बार पटेलांचे दिग्दर्शन आणि समोर डॉ. श्रीराम लागूंचा मास्तर. सारा मुलूख मुठीत असलेला हिंदुराव या फाटक्या माणसाला घरी ठेवून घेतो, त्याची बडदास्त ठेवतो, आणि मास्तर मात्र नाहीशा झालेल्या मारुती कांबळेचे काय झाले, एवढेच विचारत राहतो. त्या प्रश्नासरशी हिंदुरावाच्या डोळ्यांतली ऐट हळूहळू विरत जाते, आणि ते उतरणे निळूभाऊ हातवारे न करता, केवळ नजरेने आणि थांबून थांबून बोलण्याने दाखवतात. 1975 साली हा चित्रपट बर्लिनच्या महोत्सवात गेला. तिथल्या प्रेक्षकांना त्यात काय दिसले असेल कोण जाणे, पण ऊस, कारखाना आणि सोसायटीच्या राजकारणात हयात गेलेल्या चिकोडी-संकेश्वरकडच्या माणसाला हिंदुराव कोण, हे सांगावे लागत नाही. तंबाखूच्या वखारीत दिवाणजी असलेले आमचे आजोबा म्हणायचे, "असला मालक म्या बघितलाय, बाळ. त्यो वरडत न्हाई."

आजी मात्र जत्रेतल्या तंबूत पडद्यावर निळूभाऊ दिसले की कडाकडा बोटे मोडायची. शेजारी बसलेल्या कन्नड बायकाही तिच्या जोडीने शिव्याशाप द्यायच्या. भाषा वेगळी, राग एकच.

ज्या माणसाला हे शाप मिळत होते, तो राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात घडला होता आणि पुण्यात लष्कराच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या बागेत त्याने आधी माळीकाम केले होते. 'कथा अकलेच्या कांद्याची' या लोकनाट्याने त्यांचे नाव झाले, 1968 च्या 'एक गाव बारा भानगडी'ने त्यांना पडद्यावर आणले आणि रंगभूमीवर 'सखाराम बाइंडर' उभा करून त्यांनी आपली ताकद दाखवली. पुढे अंधश्रद्धा निर्मूलनाच्या चळवळीतही ते मनापासून वावरले. लोकनाट्यात बतावणी, म्हणजे आयत्या वेळचे विनोदी संवाद, करणाऱ्या नटाला समोरच्या प्रेक्षकाचा श्वास ओळखावा लागतो, आणि त्यांच्या त्या थांबून थांबून बोलण्याचे मूळ मला तिथेच दिसते.

म्हणूनच त्या मुलांना मी 'सिंहासन' पाहायला सांगतो. 1979 च्या या चित्रपटात ते पाटील नाहीत, दिगू टिपणीस नावाचे पत्रकार आहेत. सत्तेची सगळी उलाढाल जवळून पाहणारा हा माणूस बहुतेक वेळ फक्त ऐकतो. खुर्च्यांची नवी तडजोड झाल्याचे कळते तेव्हा मात्र तो रस्त्यातच वेड्यासारखा हसत सुटतो. त्या हसण्याची नक्कल करणारा नकलाकार मला अजून भेटलेला नाही.