वादळाची कॅटेगरी आणि डोंगरातला पाऊस

वादळ आलं की टीव्हीवर पहिला प्रश्न ठरलेला: कॅटेगरी किती? मला आता या प्रश्नाचाच राग येतो. कॅटेगरी ठरते वाऱ्याच्या वेगावरून. पावसाचा एक थेंबही तिच्यात धरलेला नसतो. ऑगस्ट 2009 मध्ये तैवानवर आलेलं मोराकोट टायफून (तिकडच्या चक्रीवादळाला म्हणतात टायफून) वाऱ्याच्या हिशेबात मध्यमच. पण ते रेंगाळलं, नैऋत्य मान्सूनचं बाष्प ओढत राहिलं आणि अलीशानच्या डोंगरात काही दिवसांत तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळला. शिआओलिन गाव दरडीखाली गेलं, चारशेहून जास्त माणसांसकट.

खरं तर डोंगरातल्या पावसाचा अंदाज एका अर्थी सोपा असायला हवा. डोंगर जागचा हलत नाही. वादळाचा मार्ग, त्याची चाल आणि वारा कोणत्या उतारावर आदळणार हे कळलं, की पाऊस कुठे झोडपणार याचं निम्मं उत्तर मिळालंच. तैवानमध्ये तर जुन्या टायफूनांच्या नोंदींवरून, वादळ अमुक जागी असताना पाऊस मोजणाऱ्या कुठल्या ठाण्यावर साधारण किती पाऊस पडतो, याचा हिशेबच मांडून ठेवलाय.

मग घोडं अडतं कुठे? हवामानाचा अंदाज काढणाऱ्या संगणकी मॉडेलमध्ये डोंगर बुटका होतो. मॉडेल जमिनीचे चौकोन पाडून हिशेब करतं. युरोपियन हवामान-अंदाज केंद्राच्या जागतिक मॉडेलचा चौकोन सुमारे 9 किलोमीटरचा. त्यात कडा आणि दरी मिळून एकच सरासरी उंची. 2-3 किलोमीटरच्या मॉडेलने चित्र बरंच सुधारतं, पण मार्ग 50 किलोमीटर चुकला तर तेही भलत्याच उतारावर पाऊस पाडतं. म्हणून मॉडेल अनेकदा चालवून शक्यता सांगाव्यात, एकच ठाम आकडा नको.

पण माझ्या मते खरी मेख मोजमापात आहे. पर्जन्यमापकाचं तोंड असतं जेमतेम वीतभर. माथ्यावरचा सोसाट्याचा वारा त्याच्या काठावरून उसळतो आणि थेंब आडवे निघून जातात. रडारचा किरण डोंगराला अडतो, नाहीतर फार वरून जातो. आणि खेळ तर खालीच चाललेला असतो: वरून येणारा थेंब माथ्याला चिकटलेल्या ढगातले बारीक तुषार टिपत टिपत जाड होतो. उपग्रहालाही हा पाऊस बऱ्याचदा कमीच दिसतो. मॉडेल बरोबर आलं की चुकलं, हे मग ताडून कशाशी पाहायचं? मोठा संगणक घ्या जरूर, पण त्याआधी माथ्यांवर मापकं आणि दऱ्यांत छोटी रडारं बसवा.

72 तासांत 3,929 मिलिमीटर हा जागतिक विक्रम हिंदी महासागरातल्या रेयुनियों बेटावरच्या कोमेरसोन या ज्वालामुखीच्या विवराचा, फेब्रुवारी 2007 मधल्या गामेड चक्रीवादळातला. तो आपल्याला ठाऊक आहे, कारण समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरहून उंच त्या जागी कुणीतरी मापक बसवून ठेवलं होतं.