पाच मतांचा फरक आणि सतरा वर्षांची पोरगी

साल २०२४. आज आमच्या मतदारसंघातली फेरमोजणी संपली. अमेरिकी काँग्रेसचा कॅलिफोर्निया १६, म्हणजे माउंटन व्ह्यू, पालो आल्टो, साराटोगा वगैरे. मार्चच्या प्रायमरीत, म्हणजे नोव्हेंबरच्या निवडणुकीआधीच्या चाळणी फेरीत, सॅम लिकार्डो पहिले आले आणि दुसऱ्या जागेसाठी इव्हन लो आणि जो सिमिटियन, दोघांनाही बरोब्बर ३०,२४९ मतं! आता पुन्हा मोजल्यावर लो पाच मतांनी पुढे. पाच! आपल्या पॉटलक जेवणाला याहून जास्त माणसं उशिरा येतात.

बातमी ग्रुपवर टाकली आणि लिहिलं, सतराच्या मुलांना प्रायमरीत मत असतं तर? लगेच एका काकांचं उत्तर: "अगं, ही पोरं टिकटॉक बघून मत देतील." खाली हसणाऱ्या चेहऱ्यांची रांग. तेव्हापासून डोकं फिरलंय.

माझी लेक ऑगस्टमध्ये अठराची होईल. नोव्हेंबरमध्ये ती मत देणार, त्याला कुणाचीच हरकत नाही. पण तोवर मतपत्रिकेवर उरणार कोण? इथे पक्ष कुठलाही असो, प्रायमरीतले पहिले दोनच पुढे जातात. अकरा उमेदवार होते, नऊ जणांचा पत्ता कट झाला. सिनेटचंही तेच. शिफ आणि गार्वी राहिले, केटी पोर्टर आणि बार्बरा ली बाद. लेकीला बार्बरा ली हव्या होत्या. निवड इतरांनी उरकली, हिने आता उरलेल्यांतून उचलायचं.

आणि ५ मार्चला ही बया होती कुठे? मतदान केंद्रावर! शाळेतून नाव दिलं होतं, रीतसर प्रशिक्षण घेतलं होतं. अंधारात उठून गेली, रात्री पाय धरून सोफ्यावर पडली. दिवसभर लोकांना रांग दाखवली, मतपत्रिका दिल्या, 'आय व्होटेड'चे स्टिकर वाटले. एक आपलेच देसी गृहस्थ घरी आलेल्या मतपत्रिकेचा लिफाफा सही न करताच पेटीत टाकायला निघाले होते. हिने थांबवलं, पेन दिलं, सही करून घेतली. नाहीतर नंतर पत्र, फॉर्म, पुन्हा सही, सगळा घोळ. पाच मतांच्या निवडणुकीत एक मत तिने वाचवलं म्हणा ना! स्वतःचं मात्र नाही.

चिडचिड होण्याचं आणखी एक कारण आहे. मी आणि नवरा अजून ग्रीन कार्डच्याच रांगेत. टॅक्स भरतो, मत नाही. आमच्या घरात नागरिक एकच, आणि तिला म्हणे थांब.

हो, सगळी मुलं लिफाफ्यावरची सही बघणारी नसतात, काही टिकटॉकच बघतात. काही आईबाबा सांगतील तिथे खूण करतील, तेही मान्य. (आमच्याकडे ती भीती नाही. गल्लीत अपार्टमेंट बांधू द्यावीत की नाही यावरून बापलेकीत दोन दिवस अबोला होता.) पण चाळिशीतले लोक काय जाहीरनामे पाठ करून जातात?

ओहायोत, इलिनॉयमध्ये, मेरीलँड, व्हर्जिनियात नोव्हेंबरपर्यंत अठराची होणारी मुलं प्रायमरीत मत देतात. तिथे आभाळ कोसळलेलं नाही. आपल्या या पुढारलेल्या कॅलिफोर्नियाने मात्र २०२० साली हाच प्रस्ताव, प्रपोझिशन १८, साधारण ५६ टक्के मतांनी पाडला. सोळाव्या वर्षी मतदार म्हणून आगाऊ नोंदणी चालते, गाडी चालवलेली चालते, केंद्रावर राबलेलं तर फारच चालतं.

तिकडे सध्या लोकसभेची धामधूम आहे, भाचरं शाई लावलेली बोटं पाठवताहेत. ज्यांचे अठरा पुढच्या महिन्यात भरतात ती तिथेही ताटकळतात, कबूल. पण तिथे तिकीट दिल्लीत ठरतं, मतदाराला विचारतंय कोण? इथे विचारतात. म्हणून तर जास्त लागतं.

मघाशी लेकीला तो पाचाचा आकडा दाखवला. म्हणाली, "आई, त्या लिफाफावाल्या अंकलनी कुणाला दिलं असेल गं?" आणि अभ्यासाला बसली. मीच आपली इथे पेटलेय.

असो. ज्यांची मुलं सोळाची झालीत त्यांनी या शनिवार-रविवारी बसवून नोंदणी करून घ्या, ऑनलाइन होते. आणि जे नागरिक काका-मामा खाली "मुलं अजून लहान आहेत" लिहिणार आहेत, त्यांनी आधी मार्चमध्ये आपण मत दिलं होतं का, तेवढं लिहा.