अंगावर पाजलं म्हणून गाठ दुधाचीच कशी?

जळगाव-धुळ्याकडच्या ग्रुपांवर एक मेसेज जोरात फिरतोय. तीन लेकरं झालेल्या, प्रत्येकाला दोन वर्षं पाजलेल्या बाईला स्तनाचा कॅन्सर होत नाही. झालाच तर सौम्य असतो. पाजताना आलेली गाठ दुधाचीच, शेकली की जाते. आणि जिनं पाजलं नाही तिनं तो ओढवून घेतला.

‘होत नाही’ हे चूक. ‘लॅन्सेट’ या डॉक्टरांच्या संशोधन-नियतकालिकात २००२ साली ३० देशांतले ४७ अभ्यास एकत्र मांडले गेले. बारा महिने पाजण्यामागे धोका ४.३ टक्क्यांनी घटतो, शिवाय दर बाळंतपणामागे ७ टक्क्यांनी. मेसेजमधल्या बाईचा हिशेब करा: मूल नसलेल्या बाईच्या धोक्याचे शंभरातले बासष्ट हिस्से तिला उरतातच. घट मोठी आहे, म्हणून जरूर पाजा. पण ती हमी नव्हे.

‘सौम्य असतो’ हे तर धोक्याचं. आजार किती पसरला, काखेतल्या गाठींत गेला का, तो हार्मोनवर वाढणारा आहे की ट्रिपल निगेटिव्ह (म्हणजे हार्मोनच्या औषधांना दाद न देणारा), यावर पुढचं ठरतं. उलट बाळंतपणानंतरच्या पाच-दहा वर्षांत सापडलेला कॅन्सर जास्त लवकर पसरताना दिसतो. दूध तुटल्यावर स्तन पूर्ववत होताना आत जखम भरण्यासारखी उलथापालथ चालते आणि कॅन्सरच्या पेशींना तिचा फायदा मिळतो, असं संशोधक मानतात.

आणि नेमक्या याच वयात सासू एरंडाचं पान गरम करून बांधते. कापूस वेचणीच्या दिवसांत मजुरी बुडवून दवाखाना कोण गाठणार? गाठ दुखत नाही, म्हणून कुणी बोलत नाही. दुधाची गाठ बाळानं नीट ओढलं की सहसा मऊ पडते, काही दिवसांत जाते. दोन आठवडे तशीच राहिली, कडक लागली, कातडी आत ओढली गेली, तर सोनोग्राफी करायचीच. पाजत असतानाही ती करता येते, सुईनं तुकडाही काढता येतो. त्यासाठी बाळाचं दूध तोडावं लागत नाही. जळगाव आणि धुळे, दोन्हीकडे सरकारी मेडिकल कॉलेज आहे.

शेवटचा आरोप मला सगळ्यात जास्त लागला. मूल न झालेली, दूध न आलेली बाई आधीच घरात ऐकून घेत असते. पाजूनही कॅन्सर होतो, न पाजताही बहुतेकींना होत नाही. तिला दोष देणारा हा मेसेज पुढे पाठवू नका.